हंगामी ड्रायव्हरास पत्र

चि. सिंपल-डीआरएम यास,



परवा रात्री पावणेबाराला लॅपटॉप चालू केला. ग्रब या बूटलोडरची यादी दिसली आणि मग सगळा काळोख. पंखा फिरतोय, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, पडदा मात्र ढिम्म. संध्याकाळी कर्नल अपडेट केल्याचं फळ. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (कायमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला बाहेरच थांबवण्याचा हुकूम) लिहिलं, एफ१० दाबलं, आणि करडी अक्षरं भराभर वर सरकू लागली. ती तुझी होती.

तू हंगामी. कायमचा ग्राफिक्स ड्रायव्हर रुजू होईपर्यंत पडद्याची खुर्ची सांभाळायची, एवढीच नेमणूक. एरवी दोन-तीन सेकंदांत चार्ज देऊन मोकळा होतोस आणि आम्हाला पत्ताही लागत नाही. हाती सामान काय, तर यूईएफआय फर्मवेअर जाता जाता ठेवून गेलेली चिठ्ठी: चित्राची मेमरी अमुक पत्त्यावर, रुंदी-उंची इतकी, रंगांचा क्रम असा, एक ओळ इतक्या बाइट्सची. ते साहेब एकदा उठले की रिझोल्यूशन बदलून मागायची सोय नाही. मिळालंय त्यात भागवायचं.

चिठ्ठीतली शेवटची नोंद फार खट्याळ. माझा पडदा १३६६ ठिपके रुंद. ठिपक्याला ४ बाइट्स, म्हणजे ओळीला ५४६४. पण ग्राफिक्सला ओळ ६४ च्या पटीत लागते, म्हणून मेमरीत ती ५५०४ ची. शेवटचे १० ठिपके कुणालाच दिसत नाहीत. तू ५४६४ धरून चालला असतास, तर प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा १० ठिपके डावीकडे घसरली असती आणि सगळा मजकूर वाऱ्यातल्या पावसासारखा तिरपा पडला असता.

जुन्या व्हीजीए मजकुराचं बरं होतं. अक्षरामागे २ बाइट्स, ८० × २५ चा अख्खा पडदा ४००० बाइट्सचा, आणि अक्षर रंगवायचं काम कार्डाचं. इथे ८ × १६ ठिपक्यांच्या एका अक्षराला ५१२ बाइट्स, तेही प्रोसेसरने स्वतः भरायचे. शिवाय पडद्याच्या मेमरीतून वाचणं महामंद. तू साध्या रॅममध्ये प्रत ठेवतोस आणि बदललेला तुकडाच पलीकडे टाकतोस, ही युक्ती मला मनापासून आवडली. तुझ्या आधीचे थोरले ड्रायव्हर व्हेसा-एफबी आणि ईएफआय-एफबी थेट पडद्यावरच लिहायचे. तू २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१४ कर्नलमध्ये आलास आणि पुढच्याच वर्षी फेडोरा ३६ ने त्यांची जागा तुला दिली.

एक तक्रार आहे. त्या रात्री फाइलींची यादी काढली, तर ‘जमाखर्च’च्या जागी शंकरपाळ्यांची रांग! दोष तुझा नाही, वर बसलेल्या कन्सोलचा. त्याच्या फॉन्टात ५१२ चिन्हांपलीकडे काही मावत नाही आणि जोडाक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. तरी ‘र्च’वरचा रफार बघायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस तुझ्यावरच काम काढलं. उजेड कमी होत नव्हता, डोळे चुरचुरले, पण हिशेब पुरा झाला. आज दुरुस्त केलेला कर्नल आलाय. ग्रबमधून ‘नोमोडसेट’ पुसतोय. पडदा पुन्हा काळा झाला, तर पाच मिनिटांत भेटूच.

तुझा,
१७० × ४८ च्या चौकटीतला एक रहिवासी