खोली नको, खाट हवी

हरमल, गोवा
मार्चअखेर

प्रिय माऊ,

किनाऱ्याकिनाऱ्याने एकटी हिंडतेस, तर राहतेस कुठे, खातेस काय, सगळं सविस्तर लिही, असा तुझा हुकूम झाला. फोनवर बोलून हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलंय. चहा घेऊन निवांत बैस.

हरिहरेश्वराहून निघाले आणि खाली खाली येत गोव्यात पोचले. पाठीवर एक सॅक, तीही स्वतःची स्वतःला उचलता येईल एवढीच. प्रवास एसटीने, खाडी आली की फेरीबोटीने, आणि मधला जमेल तेवढा पायी. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे तुला ठाऊक नसेल. त्यामुळे गाडीत बायकाच बायका असतात! माहेरी निघालेल्या, बाजाराला निघालेल्या, आणि कधीकधी नुसत्याच देवदर्शनाला. अनोळखी गावात राहायचं कुठे, याचं खात्रीचं उत्तर मला बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळालं.

कोकणात किनाऱ्याने सरळ दक्षिणेला जाताच येत नाही गं. सह्याद्रीवरून उतरलेली नदी समुद्राला मिळताना खाडी होऊन आडवी पसरते. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. बोट पलीकडे गेलेली असली की जेट्टीवर थांबायचं. मग बोट लागते, पुढची फळी धाडकन खाली येते, मोटारी, दुचाक्या, टोपल्या घेतलेल्या कोळणी उतरतात आणि आपण चढतो. या थांबण्याने माझी घाई पार मोडली. बोट चुकली तर त्याच गावात मुक्काम, असं मनाशी एकदा ठरवलं की गावाकडे नीट बघणं होतं.

सावित्री ओलांडली की थोड्याच अंतरावर वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि आता कासवांचं. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत इथे वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती चोरीला जायची, नाहीतर कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती राखायला घेतली. आता अंडी कुंपणात पुरून ठेवतात, वर टोपली पालथी घालतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळी टोपली उचलली तेव्हा आत तळहातापेक्षा लहान, काळसर, वाळूने माखलेली पिल्लं एकमेकांवर चढत होती. वाळूवर सोडल्याबरोबर ती पाण्याच्या दिशेने वल्हवायला लागली. एक लाट दोघातिघांना मागे फेकून गेली. ती तशीच वळली आणि पुन्हा निघाली. मला रडूच आलं.

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. पडवीत आणि माजघरात ओळीने गाद्या घातलेल्या, एका बाजूला पुण्याच्या कॉलेजातल्या मुली, दुसऱ्या बाजूला सांगलीच्या निवृत्त शिक्षिका. पैसे खोलीचे नाहीत, माणशी, जेवणासकट. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि पोटभर आग्रह.

तुला सांगायचं आहे ते हेच. आपल्याकडची राहण्याची सोय अजून कुटुंब धरून केलेली असते. एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचं भाडं पडतं, आणि एकटी बाई असली तर खोलीच नाकारतात. पुढे एका गावात मला तोंडावर सांगितलं, ‘एकट्या लेडीजला देत नाही.’ अंधार पडत होता. शेजारच्या खानावळवाल्या मावशींनी हाताला धरून घरात नेलं म्हणून निभावलं. इथे गोव्यातल्या हॉस्टेलवर ओळखपत्र दाखवलं, चादर आणि लॉकर मिळाला, बायकांच्या डॉर्ममधला खालचा बंक माझा झाला. ‘बरोबर कोण?’ हे कुणी विचारलंच नाही. भाड्याने खाट मिळते म्हणून एकटं माणूस तिथे अर्धंमुर्धं ठरत नाही.

डॉर्मची शिस्तही मला आवडते. पहाटेची गाडी असेल तर सॅक रात्रीच भरून ठेवायची, कारण पहाटे प्लास्टिकची पिशवी चुरचुरली की सगळी खोली जागी होते. कुलूप आपलं आपण न्यायचं, दिवा लावायच्या ऐवजी डोक्याची बॅटरी वापरायची, सामायिक ओट्यावरचं भांडं लगेच घासून ठेवायचं. काल याच ओट्यावर नागालँडच्या एका मुलीने मला भात-डाळीचं जेवण दिलं आणि मी तिला सोलकढी करायला शिकवली.

हॉस्टेलची ही कल्पना मूळची तुझ्या शेजारची आहे बरं का! रिशार्ड शिरमान नावाचे शाळामास्तर १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात सापडले. एका शाळेत आसरा मिळाला, तेव्हा त्यांच्या मनात आलं की सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा मुलांसाठी उघडल्या तर? १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. तुझ्या डॉर्टमुंडहून ते काही लांब नाही. एखाद्या रविवारी जाऊन ये आणि मला फोटो पाठव. आपल्या कोकणातही सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, माऊ. तिथे स्वच्छ खाटा, न्हाणीघर आणि गावातल्या बायकांच्या हातचं जेवण एवढं झालं, तरी किती मुली बिनघोर किनारा बघतील!

पुढच्या फेब्रुवारी-मार्चला तू ये. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होणार आहेत. रात्री-अपरात्री पेशंट न्यावा लागणाऱ्या गावांना ते हवेतच, आणि व्हायलाच हवेत. पण तोवर बोटीने खाडी ओलांडायची चैन आपण दोघी करू. शेवटी तेरेखोलहून केरीला येऊ, तिथे गोवा सरकारच्या बोटीत पायी माणसाला तिकीटही लागत नाही. सामान कमी आण, कपडे झटकन वाळणारे आण. तारीख मात्र लवकर कळव, वेळासच्या घरी आधी सांगावं लागतं. कासवांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

तुझीच,
मी