‘रॉजर’ म्हणजे दिसलं नव्हे

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: तांत्रिक काही नको. प्रयत्न करतो, पण अट मोडणार हे आताच सांगून ठेवतो.

आमच्या भालकीत लोक मला अजून ‘विमानाला झेंडी दाखवणारे काका’ म्हणतात. ते काम वेगळं, माणूस वेगळा. आम्ही कंट्रोलर, टॉवरमध्ये नाहीतर रडारच्या पडद्यापुढे बसायचो. हे सांगून सांगून दमलो, आता नुसती मान हलवतो.

शेजाऱ्यांचा मुलगा कलबुर्गीला विमान चालवायला शिकतोय. सुटीला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, “काका, सोलोवर असताना कंट्रोलला सारखं विचारायचं का? पोरं म्हणतात, जास्त बोललं की कच्चा पायलट समजतात. आणि जेआरडी टाटांनी तर रेडिओशिवाय कराची-मुंबई केलं.”

केलं खरं, १५ ऑक्टोबर १९३२ ला. पण तेव्हा त्यांच्या वाटेत दुसरं होतं कोण? आता बघा. कलबुर्गी ते बीदर आभाळातून जेमतेम ४७ सागरी मैल, शिकाऊ विमानाला अर्धा तास. बीदरला हवाई दलाचा तळ, आणि २००८ पासून तिथं हॉक जेट. ते पोरगं ९० नॉट्सनं चाललंय आणि समोरून हॉक ४०० नॉट्सनं आला, तर पाच मैलांचं अंतर सदतीस सेकंदांत संपतं. समोरचं विमान दिसून, ओळखून, आपलं वळायला लागेपर्यंत साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकन विमान वाहतूक खात्याचा हिशोब आहे. उरले किती ते तुम्हीच मोजा.

लोकांना, आणि वाईट म्हणजे हौशी पायलटांनाही वाटतं, की निघण्याआधी एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) असे दोन नंबर घेतले म्हणजे वरून कुणीतरी आपल्याला सांभाळतंय. एडीसी नंबर हवाई संरक्षणवाल्यांना सांगतो की हे विमान आपलं आहे. वाटेत कोण आडवं येतंय, हे तो नंबर सांगत नाही. दुसरा गैरसमज याहून पक्का. विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश आपल्याकडे ‘डी’ वर्गाचं. तिथं डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर नियमांनी उडणाऱ्या दोन विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणं हे कंट्रोलरचं काम नाही. तो फक्त सांगतो, अमुक दिशेला अमुक विमान आहे. कसं टाळायचं याचा सल्लाही देतो, पण मागितला तर. आपल्याकडे एरवी सल्ला न मागता मिळतो, म्हणून हा शब्दच माणसांना फसवतो. इथं तोंड उघडावं लागतं.

तेव्हा विचार, हे त्याला सांगून मी मोकळा झालो असतो. झालो नाही. एका वर्षीचा जुलै आठवला.

तळाचं नाव लिहीत नाही. एक शिकाऊ मुलगा एकटाच उत्तरेकडे चालला होता. मी त्याला वाहतूक सांगितली: दोन वाजता, चार मैल, डावीकडे जातंय. आम्ही दिशा घड्याळावर सांगतो, बारा म्हणजे समोर. त्यानं उत्तर दिलं, “रॉजर.” माझा जीव भांड्यात पडला. आणि तिथंच मी चुकलो. ‘रॉजर’चा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. त्यानं म्हणायला हवं होतं ‘लुकिंग आउट’, शोधतोय. नाहीतर ‘निगेटिव्ह काँटॅक्ट’, दिसत नाही. पण नाही म्हणायची आपल्या मुलांना लाज वाटते, आणि हो ऐकायची मला घाई होती. दोन्ही विमानं तीनशे फुटांच्या फरकानं एकमेकांवरून गेली. उतरल्यावर तो म्हणाला, “सर, दोन वाजता बघितलं होतं. काहीच नव्हतं.”

आमचे काही सहकारी यावरून म्हणत, ‘विचार’ असा सल्ला देऊच नये, पायलट आळशी होतो, बाहेर बघणं सोडतो. मला हे कधीच पटलं नाही. तो मुलगा बाहेर बघत होता. भलतीकडे बघत होता, एवढंच. नुसती पोच पुरत नाही, हे १२ नोव्हेंबर १९९६ ला दिसलं. चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. त्या संध्याकाळी कंट्रोलरनं कझाकस्तानच्या विमानाला समोरून येणाऱ्या सौदी जंबोची दिशा आणि अंतर सांगितलं होतं. पोचही मिळाली होती. १५ हजार फुटांवर थांबायचं ते विमान खाली येतच राहिलं, आणि तेव्हाच्या दिल्लीच्या रडारला विमानाची उंची दिसत नव्हती. पोच मिळाली की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, त्याची मला तेव्हापासून भीती वाटते.

हे सगळं सांगून झाल्यावर मुलानं विचारलं, “पण काका, दोन वाजता का नव्हतं?”

मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बारा उत्तरेला. जुलैत आपल्या पठारावर वारा पश्चिमेचा. समज पंचवीस नॉट्स. सरळ उत्तरेला जायचं तर ९० नॉट्सच्या विमानाला नाक सोळा अंश डावीकडे धरावं लागतं. विमान तिरकं चालतं, गटारीशेजारून कुत्रं चालतं तसं. पायलटचं बारा त्याच्या नाकापुढे. माझ्या पडद्याला नाक दिसतच नाही, दिसतो फक्त मार्ग. माझं बारा त्या मार्गावर.

“म्हणजे तुमचे दोन, तेव्हा त्याचे…” त्यानं बोटानं घड्याळ डावीकडे जरासं फिरवलं, मग मान तिरकी करून बघत राहिला. “अडीच.”

अडीच. आणि ‘वारा आडवा आहे, जरा मागे बघ’ हे चार शब्द जास्तीचे बोलायला मला वेळ होता. मी बशी उचलून आत न्यायला लागलो, तर म्हणाला, “थांबा, दक्षिणेला जाताना काय होतं ते सांगा,” आणि घड्याळ उलटं फिरवलं.