जोडीतला एक मासा



घरचा कुत्रा गेला, तर शेजारी चौकशीला येतात. दावणीची गाय गेली, तर त्या दिवशी घरात कोणाला धड जेवण जात नाही. पण टाकीतला मासा गेला, तर एवढेच ऐकू येते : ‘दुसरा आणा.’ असे म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो. माशासाठी शोक करता येतो, हे आपल्या भाषेने आपल्याला कधी शिकवलेलेच नाही.

तुम्ही संतकाव्य अभ्यासले असेल. त्यात मासोळी पुष्कळदा येते, पण ती पाण्यावाचून तळमळणारी. तिची तळमळ ही भक्ताच्या विरहाची उपमा असते. पाण्यात सुखरूप असलेल्या मासोळीला काय वाटते, हे तिला कोणी विचारत नाही. सुंदर नेत्रांच्या स्त्रीला आपण ‘मीनाक्षी’ म्हणतो. प्रत्यक्ष मीनाच्या डोळ्यांना मात्र पापण्याही नसतात. ते मिटत नाहीत, भरून येत नाहीत. दुःखाची जी चिन्हे आपण ओळखतो, त्यांतले एकही त्याच्यापाशी नाही. चिन्ह नाही म्हणून दुःख नाही, हा निष्कर्ष मात्र घाईचा होय.

माझ्याकडे काचेच्या टाकीत एंजल माशांची एक जोडी होती. अॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा रुंद पानावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघेही परांनी वारा घालावा तसे त्यांवर पाणी हलवत राखण करतात. एका सकाळी नर तळाशी आडवा दिसला. पाणी तपासून पाहिले, त्यात दोष आढळला नाही. मृत्यूचे कारण कळले नाही. पुढचे चार दिवस मादी फिल्टरमागच्या कोपऱ्यात थांबून राहिली. खाद्याचे कण तिच्या तोंडासमोरून खाली जात, ती हलत नसे. घरातले म्हणाले, ‘शोक करते आहे बिचारी.’ मी तसे म्हणायला कचरत होते. ती आजारी असेल, किंवा बिथरली असेल. आपले हृदय तिच्या अंगात घालून मोकळे होणे, हाही एक प्रकारे तिच्याकडे न पाहणेच आहे.

हा पेच जुना आहे. च्वांग्त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाची एक कथा प्रसिद्ध आहे. पुलावरून पोहणारे मासे पाहून तो म्हणतो, हे आनंदात आहेत. मित्र विचारतो, तू मासा नाहीस, तुला कसे कळले? तो उलट विचारतो, तू म्हणजे मी नव्हेस, मग मला कळत नाही हे तुला कसे कळले? वादात हे उत्तर चोख आहे; टाकीसमोर बसलेल्याचे त्याने समाधान होत नाही.

मला अधिक उपयोगी पडला तो फ्रान्समधील बर्गंडी विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. कन्व्हिक्ट सिक्लिड हा एंजलच्याच कुळातला, जोडीने राहणारा मासा. त्याच्या माद्यांना काळ्या व पांढऱ्या झाकणांच्या डब्या ओळखायला शिकवले. एका रंगाखाली खाऊ, दुसऱ्याखाली काही नाही. मग करड्या झाकणाची डबी ठेवली. आत काय, याची खात्री नाही. ज्या माद्यांना स्वतः निवडलेला नर न देता नाकारलेला नर दिला होता, त्यांनी ती डबी उघडायला अधिक वेळ लावला. जणू आशाच मंदावली होती. (‘जणू’ हा शब्द माझा, संशोधक अधिक जपून बोलतात.)

मित्रहो, हे वाचल्यावर ‘दुसरा आणा’ हा सल्ला पुन्हा ऐकून पाहा. दुसरा कोणासाठी? माझी रिकामी टाकी डोळ्यांना भरलेली दिसावी म्हणून, की तिच्यासाठी? तिची निवड तर कोणी विचारणारच नव्हते. मी नर आणला नाही.

पाचव्या दिवशी ती खाऊ लागली. दुःख ओसरले की भूक वरचढ ठरली, हे मला सांगता येत नाही. माणसांच्या घरी सुतकातही ते नेमके सांगता येत नाही. महिन्याभराने तिने त्याच रुंद पानावर अंडी घातली. नर नसल्याने ती फळणारी नव्हती. तरी दिवसभर ती एकटीच परांनी पाणी हलवत त्यांच्यापाशी थांबली. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडू लागली, तेव्हा एकेक पांढरे अंडे तिने तोंडाने वेचून काढले. उरलेल्या चार-दोन अंड्यांवर तिचे पर रात्री दिवा मालवेपर्यंत हलत होते.