पोहऱ्यातलं पाणी

आजोळच्या विहिरीतून पोहरा वर आला, की दोराचा पीळ सुटायला लागायचा आणि पोहरा जागच्या जागी गरगर फिरायचा. आधी आतलं पाणी सपाटच असे. मग पाणीही फिरू लागे, मधे खळगा पडे आणि कडेनं ते वर चढे. आजी ओरडायची, "अगो, सांडेल, धर तो!" मी मुद्दाम धरत नसे.

फार वर्षांनी कळलं, की १६८७च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटननं असंच एक भांडं दोराला टांगलं आहे. पाणी आणि भांडं एकाच वेगानं फिरू लागली, की एकमेकांच्या लेखी दोघं स्थिरच. तरी पाणी कडेनं चढलेलं असतं. मग ते फिरतं आहे ते कुणाच्या लेखी? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. एर्न्स्ट माखला हे पटलं नाही. त्याचं बोट दूरच्या ताऱ्यांकडे होतं.

१९६४ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल आणि कोल्हापुरात जन्मलेले, जेमतेम पंचविशीतले जयंत नारळीकर यांनी माखचं म्हणणं गणितात बसवलं. कणाचं वस्तुमान त्याच्या एकट्याचं नसतं, ते त्याला बाकीच्या साऱ्या विश्वाकडून मिळतं. विश्व रिकामं करून एकच कण ठेवला, तर त्याला वस्तुमानच उरणार नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

तरुण हॉकिंगनं लगेच हरकत घेतली: प्रसरण पावणाऱ्या विश्वात हे वस्तुमान अनंत येतं. पण ते दोघं थांबले नाहीत. १९९३ साली जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी मांडलं, की एकच महास्फोट झाला असं मानायची गरज नाही. अतिघन वस्तूंजवळ, जिथे गुरुत्वाकर्षण प्रचंड असतं, तिथे नवं द्रव्य जन्मतं, वेगानं बाहेर फेकलं जातं आणि त्यातून नव्या दीर्घिका धरतात. एका दीर्घिकेच्या पोटी दुसरी! आकाशभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण मात्र त्यांना लोखंडाच्या बारीक तंतूंचा आधार घेऊन समजावावं लागलं, आणि तिथे बहुतेकांनी त्यांची साथ सोडली. मलाही पुरावा महास्फोटाच्याच बाजूचा वाटतो. पण पोहऱ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. आइनस्टाइनच्या समीकरणांतही माख पुरता मावलेला नाही.

मुलं सही मागायला आली, की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली सही मिळेल. माझ्याकडे प्रश्न होता, कार्ड लिहायचं राहून गेलं. २० मे २०२५ रोजी ते गेले.

त्यानंतर मी आजोळी गेले होते. विहिरीवर पंप बसला आहे, पोहरा पडवीत पालथा पडलेला. तो घासून भरला, आढ्याच्या कडीला दोरानं टांगला, हातानं पीळ दिला आणि सोडला. थोडा वेळ पाणी सपाट राहिलं. मग हळूहळू कडेनं चढू लागलं.