पहाऱ्याचा खर्च

नगरपालिकेच्या हिशेबखात्यात माझी तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत किती लाल पेन्सिली झिजल्या, याचा हिशेब मात्र मी ठेवला नाही. निरनिराळ्या विभागांकडून खर्चाच्या मागण्या येत, मी त्यांवरून नजर फिरवी आणि जेथे काटकसर शक्य दिसे तेथे एक लाल रेघ ओढी. रेघ ओढताना मनाला सात्त्विक समाधानही होई. घरपट्टी वेळेवर भरणाऱ्या एखाद्या गरीब म्हातारीचे चार पैसे आपण वाचविले, असे वाटे. या समाधानाला 2018 सालच्या पावसाळ्यात तडा गेला. त्याचीच ही हकीगत आहे.

गावाबाहेर नदीच्या रस्त्याला आमच्या बांधकाम विभागाचे भांडार आहे. गावात त्याला डेपो म्हणतात. असा डेपो आपापल्या गावी वाचकांनीही बाहेरून पाहिला असेल. आत डोकावण्याचे कारण सहसा पडत नाही. परंतु सकाळी नळाला येणारे पाणी, रात्री रस्त्यावर लागणारा दिवा आणि पावसात पायाखाली शाबूत असणारे गटाराचे झाकण ही सारी त्या आवारातील सामानाची कृपा असते. बिडाची झाकणे, जलवाहिनीचे व्हॉल्व्ह, तांब्याची केबल, डांबराची पिंपे, कचरागाड्यांचे टायर असे पुष्कळ काही तेथे रचलेले असते. घराला जशी कोठीची खोली, तसा गावाला डेपो.

या कोठीवर पहारा करण्यासाठी 2012 साली आठ कॅमेरे बसविण्यात आले. त्यासाठी अनुदान मिळाले होते. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, भिंतीवर नावांची पाटीही लागली. भांडारपालाच्या खोलीतील पडद्यावर आवाराची आठ चित्रे दिसू लागली, तेव्हा आम्ही सारे लहान मुलांसारखे ती पाहत उभे राहिलो होतो.

आणि 2018 च्या जुलै महिन्यात एके दिवशी सामानाची मोजणी करताना असे आढळले की, बिडाची 22 झाकणे आणि केबलची दोन मोठी वेटोळी जागेवर नाहीत. रात्रीचा पहारा नानांकडे होता. नाना म्हणजे साठीकडे झुकलेले, पायाने किंचित लंगडणारे, उभ्या गावाला ठाऊक असलेले गृहस्थ. चोरी रात्रीच होते, असा आपल्या सर्वांचा एक भाबडा समज असतो. त्या समजुतीने संशयाचे बोट थेट नानांकडे वळले. त्यांना साहेबांपुढे बोलाविण्यात आले तेव्हा मीही तेथे होतो. नाना शांतपणे म्हणाले, “साहेब, डेपोला आठ डोळे आहेत की. त्यांना इचारा. मी एक वेळ खोटं बोलंन, ते बोलायचे न्हाईत.”

त्या आठ डोळ्यांना विचारावयास गेलो, तेव्हा कळले की ते पाहत होते, पण त्यांना काही आठवत नव्हते. पडद्यावर चित्रे रोज दिसत होती, म्हणून सारे ठीक आहे असे प्रत्येक जण समजत होता. चित्रे साठवून ठेवणारी यंत्रातील तबकडी, जिला हार्ड डिस्क म्हणतात, ती मात्र वर्षभरापूर्वीच निकामी झाली होती. भांडारपालाने नव्या तबकडीसाठी साडेसहा हजार रुपये मागितले होते. तो कागद शोधून काढण्यात आला. त्यावर लाल रेघ होती आणि शेजारी माझ्या अक्षरात लिहिले होते : ‘तूर्त आवश्यक नाही. पुढील वर्षी पाहू.’

नानांनी शिट्टी, काठी आणि विजेरी टेबलावर ठेवली व ते घरी गेले. चौकशी होईपर्यंत त्यांना निम्म्या पगाराएवढा निर्वाहभत्ता मिळणार होता. पण पैशाचे दुःख त्यांना फारसे नसावे. रोज संध्याकाळी बाजारपेठेतून मारुतीच्या देवळात जाणारा तो माणूस आता मागच्या बोळाने जाऊ लागला होता. एकदा तेथे आमची गाठ पडली. त्यांनी नेहमीप्रमाणे रामराम केला. मला मान वर करून पाहवेना.

सुमारे महिन्याने शेजारच्या तालुक्यात एका भंगाराच्या दुकानात पोलिसांना आमची झाकणे सापडली. त्यांवर नगरपालिकेचे नाव ओतलेले होते. मग उलगडा झाला. माल भर दुपारी गेला होता. सामान पोहोचविण्यास आलेल्या एका टेंपोतूनच तो बाहेर पडला होता. नाना त्या वेळी घरी झोपलेले असत. त्यांना सन्मानाने कामावर घेण्यात आले. पण त्या महिन्यात त्यांनी जे सोसले, त्याची भरपाई कोणत्या लेखाशीर्षातून करावयाची, हे मला तीस वर्षांच्या अनुभवानेही सांगता आले नसते.

आमच्या मंडळींना मी हे सारे सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “दाराला कुलूप घेतलंत आणि त्यात घालायच्या तेलाच्या थेंबाला नाही म्हणालात. मग कुलूप गंजलं, तर दोष चोराचा कसा?”

पुढे नव्या कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आला. आमच्या तरुण अभियंत्याने मला प्रथमच हा विषय नीट समजावून दिला. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र सुमारे चार लाख ठिपक्यांचे असे. नव्याचे चाळीस लाखांचे. पूर्वी ‘कोणीतरी गेले’ एवढेच दिसे, आता चेहरा आणि गाडीचा क्रमांक दिसेल. पण चित्र जितके स्पष्ट, तितकी साठवणुकीची जागा अधिक लागते. एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 गिगाबाइट भरतो. बारा कॅमेऱ्यांचे तीस दिवस ठेवावयाचे तर साडेपंधरा टेराबाइट होतात. म्हणजे आठ-आठ टेराबाइटच्या दोन तबकड्या हव्यात, आणि त्या अखंड फिरत असल्याने काही वर्षांनी बदलावयास हव्यात. नव्या कॅमेऱ्यांना वीज आणि चित्र नेणारी तार एकच असते, पण ती शंभर मीटरच्या पलीकडे चालत नाही; म्हणून मागच्या भिंतीसाठी वाटेत आणखी एक जोडयंत्र बसवावे लागणार होते. शिवाय आवारात चार दिवे हवेत, कारण अंधारात उत्तम कॅमेराही अर्धा आंधळाच. एकूण खर्च 4 लाख 80 हजार.

पैसा कोठून आणावयाचा? चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान (2015 ते 2020) तेव्हा चालू होते. पण तो पैसा पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती अशा मूलभूत सेवांसाठी होता. ओढूनताणून त्यात कॅमेरे बसविणे मला रुचेना. म्हणून खर्च नगरपालिकेच्या स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टीच्या पैशातून करावा, असे मी सुचविले. साहजिकच फेब्रुवारी 2019 मधील अंदाजपत्रकाच्या सभेत वाद झाला. एक सभासद म्हणाले, “एवढ्या पैशात माझ्या प्रभागातले गटार होईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एका सभासद भगिनींनी विचारले, “सफाई कामगार बायका तेथे हजेरीला येतात, कपडे बदलतात. कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे असेल?” खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिलेला होता. बायकांची खोली आणि तिचे दार कॅमेऱ्यांच्या कक्षेबाहेर राहील, असे ठरावातच नमूद करण्यात आले.

मग मी बोलावयास उभा राहिलो. सभेत हिशेबनीस आकडे सोडून काही बोलत नाही. त्या दिवशी मी माझ्या लाल रेघेची हकीगत सांगितली आणि एक उपसूचना केली. खरेदीचा पैसा एकदाच द्यावा लागतो आणि त्याचा समारंभ होतो. देखभालीचा पैसा दरवर्षी द्यावा लागतो आणि त्याला कोणी हार घालीत नाही. म्हणून वार्षिक देखभालीसाठी 48 हजारांची तरतूद महसुली खर्चात स्वतंत्र असावी, आणि ती वाचविण्याचा अधिकार हिशेबनिसाला नसावा. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी पैसा गिळण्याचे 40 प्रकार मोजून ठेवले आहेत. वेळेवर खर्च न करून नुकसान करणे हा एकेचाळिसावा प्रकार त्यात घालावा, असे मी म्हणालो तेव्हा सभागृह हसले. पण ठराव मंजूर झाला.

आणखी एक अट होती. रोज सकाळी भांडारपालाने आदल्या दिवसाचे एक चित्र उघडून पाहावयाचे आणि वहीत लिहावयाचे : बारांपैकी किती डोळे उघडे, किती मिटलेले. वहीची किंमत चाळीस रुपये. माझ्या मते साऱ्या योजनेत तोच सर्वांत मोलाचा खर्च होता.

कॅमेरे बसविण्याचे काम चालू असता मी डेपोवर गेलो होतो. नाना तेथे उभे होते. शिडीवरच्या माणसाला ते काहीतरी सांगत होते. मला पाहून जवळ आले आणि म्हणाले, “साहेब, येक माझ्या चौकीवर बी लावा. म्यां जागा हाये का झोपलोय, त्ये दिसू द्या.” मी म्हणालो, “नाना, तुमच्यावर आता कोणाचा संशय नाही.” ते हसले. “आज न्हाई. पर माझ्यामागं दुसरा कुणी येईल की या चौकीवर. त्याचा शब्द खरा कराया कुणी नगं का?”

मी निरुत्तर झालो. पहारा चोरासाठी असतो, एवढेच मी तोवर समजत होतो.

आता नाना निवृत्त झाले आहेत, आणि मीही. एप्रिल 2025 पासून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे, तेव्हा डेपोचे पुढचे कॅमेरे त्या कसोटीला उतरलेले घ्यावे लागतील. तो हिशेब माझ्या जागी आलेला तरुण करील. मधून मधून फिरावयास गेलो की मी डेपोत डोकावतो आणि ती वही मागून घेतो. बहुतेक दिवशी ‘बारा उघडे’ असे लिहिलेले असते. एखाद्या दिवशी ‘अकरा’ आढळते. मग मी पुढचे पान उलटतो, आणि तेथे पुन्हा ‘बारा’ दिसले, म्हणजे स्वस्थ मनाने घरी परततो.