लिंबावरचा पाहुणा

लखनौला गोमतीनगरात आमच्या बाल्कनीत कुंडीतलं लिंबाचं झाड आहे. गेल्या सप्टेंबरात कुणीतरी त्याची कोवळी पानं कुरतडायला लागलं. "दीदी, कीड़ा लग गया," म्हणत माळी फवारणीचं औषध देऊन गेला.

मी बाटली उघडणार, तोच आई आली. बाबा गेल्यावर ती सावंतवाडीहून माझ्याकडे राहायला आली होती. सहा महिने झाले तरी तिचं मन इथे रमत नव्हतं. दर रविवारी परतीच्या तिकिटाचा विषय निघायचाच.

चष्मा लावून ती पानावर वाकली. "अगं थांब! ही पाखराची शीट नाही, अळी आहे. आपल्या पपनसावर अशाच असायच्या. त्यांचीच ती मोठी निळी फुलपाखरं व्हायची."

ते फुलपाखरू म्हणजे नीलवंत, इंग्रजीत ब्लू मॉर्मॉन. पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर. काळ्या मखमलीवर फिकट निळा रंग आणि त्यात काळे ठिपके. रानवाटेवर ओल्या मातीत बसून त्याचे नर क्षार शोषतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं ते देशातलं पहिलंच राज्य. पण नीलवंत दक्षिणेकडचा रहिवासी, तो लखनौला कुठून येणार?

तरी औषध कपाटात गेलं. शीटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पुढे हिरव्यागार झाल्या. माझ्या लेकीने एकीला पेन्सिल लावली, तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. "शत्रूला पळवायची युक्ती," आजी हसून म्हणाली. आईला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

एक अळी फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून कोषात गेली. १२ दिवसांनी सकाळी त्यातून काळं फुलपाखरू निघालं. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, खाली छोटी शेपटी. नीलवंत नव्हे, त्याचा चुलतभाऊ, कॉमन मॉर्मॉन. आपल्याकडेही दिसतो, इथेही.

पंख वाळेपर्यंत आई शेजारी बसून राहिली. ते उडालं तेव्हा हात जोडून म्हणाली, "आपल्याच घरातला निघाला गं!"

त्या रविवारी तिकिटाचा विषय निघाला नाही. आईने माळ्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, "एक और नींबू लाना. ये हमारा, वो उनका."