न्यूरेम्बर्गला दादाकडे

युरोपला जायचं ठरलं तेव्हा मी स्वतःला एक नियम घातला होता. नातेवाइकांकडे राहायचं नाही. पाठीवर एक बॅग, हॉस्टेलमधली वरची खाट, रात्रीची बस, सुपरमार्केटमधला ब्रेड. डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी जमवली होती. म्युनिकला उतरायचं, मग व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग आणि शेवटचे दहा दिवस परत जर्मनी. न्यूरेम्बर्गला दादा राहतो हे माहीत होतं. पण दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, आणि मोठ्या बाबांच्या घरी आमच्या घरातून सहा वर्षं कुणी पाय ठेवलेला नाही. करडीत या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत आहे. तिकडे कुकरची शिटी झाली की इकडे मोजता येते.

करडी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या पलीकडे. सगळा धानाचा मुलूख. आजोबा गेले तेव्हा बांध्यांची वाटणी तोंडी झाली आणि कागदावर यायच्या वेळी एका धुऱ्यावर अडली. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, धुरा म्हणजे दोन बांध्यांच्या मधला मातीचा बांध. त्यावरून चालतात, त्यावर तूर लावतात. मोठे बाबा म्हणतात, बाबांनी दरवर्षी कुदळीने थोडा थोडा कोरला. बाबा म्हणतात, धुरा पहिल्यापासून तिथंच आहे, तुमचीच नजर सरकली. वाटणीपत्रावर सही ना यांनी केली ना त्यांनी. रीतसर मोजणीसाठी अर्जही कुणी दिला नाही. माझा अंदाज असा, की मोजणीचा निकाल काय येईल याची दोघांनाही खात्री नाही.

हे सगळ्यात जास्त जाणवतं ते मंडईला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. भाऊबीजेपासून एकेक गाव आपापला दिवस धरतं. त्या दिवशी लेकी-जावई, मामे-मावसे सगळे येतात. दुकानं लागतात, तलावातले शिंगाडे, ऊस, जिलेबी, मुर्रा. रात्री पूर्वी दंडार असायची, आता बहुतेक ठिकाणी झाडीपट्टीचं नाटक असतं, वडशाच्या मंडळींचं. धान कापणीच्या धांदलीतही मंडईचा दिवस कुणी चुकवत नाही. आत्या येते तेव्हा सकाळचं जेवण एका घरी करते आणि रात्रीचं दुसऱ्या घरी. पुढच्या वर्षी क्रम उलटा. हिशोब चुकू नये म्हणून ती लक्षात ठेवते. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात, तरी त्या भिंतीला वळसा घालून दोन्हीकडे जेवते.

व्हिसाच्या वेळी माझा नियम मोडला. हॉस्टेलची बुकिंग होती, कंपनीचं पत्र होतं, पण घराच्या छपराचं काम नुकतंच झाल्यामुळे बँकेत दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. दादाला हे कसं कळलं ते नंतर समजलं. त्याचा फोन आला. सहा वर्षांत आम्ही वाढदिवसाच्या मेसेजपलीकडे बोललो नव्हतो.

‘‘माझ्याकडे राहणार असं लिही. मी कागद पाठवतो.’’

हा कागद म्हणजे फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. शब्द मी अजूनही एका दमात म्हणू शकत नाही. जर्मनीत राहणाऱ्या माणसाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लिहून द्यायचं, की हा पाहुणा इथे असेपर्यंत त्याचा राहण्याचा, खाण्याचा खर्च माझ्यावर. आजारी पडला तर दवाखाना माझ्यावर. परत पाठवायची वेळ आली तर तोही खर्च माझ्यावर. निवास कायद्याच्या कलम 66 ते 68 खाली. नुसतं प्रेमाचं निमंत्रणपत्र नव्हे. सरकारने पैसे खर्च केले तर ते सही करणाऱ्याकडून वसूल करता येतात. त्यासाठी पगाराच्या पावत्या दाखवाव्या लागतात, आणि 29 युरो फी. दादाने अर्धा दिवस सुट्टी काढली, सही केली आणि मूळ कागद पुण्याला पाठवून दिला.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो होतो. आमच्या घराण्यात सही न करण्याची एवढी मोठी परंपरा, आणि हा माणूस माझ्या ॲपेंडिक्सची जबाबदारी लिहून देऊन मोकळा.

बाबांना मी सांगितलं नाही. आईला सांगावं लागलं, कारण ती बॅग भरायला बसली होती. ती काही बोलली नाही. निघताना जवसाच्या चटणीचे दोन डबे ठेवले. एकच पुरे म्हटलं तर म्हणाली, ‘‘एक तुले. दुसरा देजो. लहानपणी माझ्याच हातची खाये तो.’’ दादाला माझ्या बँक बॅलन्सची बातमी कुणी दिली, हे मला तेव्हा समजलं.

व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मी एवढंच म्हणेन की बारा खाटांच्या खोलीत कुणाचंच काही देणं लागत नाही, आणि पहिले आठ-दहा दिवस ते फार छान वाटतं. मग प्रागमध्ये मला एका रात्री ताप आला. खालच्या खाटेवरच्या ब्राझीलच्या मुलाने एक गोळी दिली, आणि सकाळी तो निघूनही गेला. त्याचं नाव मला माहीत नाही.

22 तारखेला मी बसने न्यूरेम्बर्गला पोचलो. दादा स्टँडवर उभा होता. त्याचे केस बरेच गेलेत. बोलायला सुरुवात कशी करायची ते दोघांनाही सुचेना, म्हणून त्याने माझी बॅग घेतली. मी देत नव्हतो. थोडी ओढाताण झाली.

माझा बेत दोन रात्रींचा होता, मग बांबर्ग, लाइपझिश, बर्लिन. दादा म्हणाला, ‘‘24 ला दुपारी सगळं बंद होतं. 25 आणि 26 दोन्ही सुट्ट्या. दुकानं बंद. काय खाशील?’’ मी राहिलो. दोनाच्या तीन रात्री झाल्या आणि शेवटी नऊ.

23 ला आम्ही तिथल्या ख्रिस्तकिंडलेसमार्क्टला गेलो. मुख्य चौकात लाकडी दुकानांच्या रांगा, वर लाल-पांढरी कापडं. गरम मसालेदार वाइन चिनीमातीच्या मगमधून मिळते. मगची अनामत ठेवायची, मग परत केला की पैसे परत. पावात घातलेली बोटाएवढी तीन सॉसेजेस. सुकवलेल्या आलुबुखारांची माणसं करून विकतात, सुरकुतलेली, हातात छत्री-बित्री. दादा म्हणाला, ‘‘दरवर्षी इथं आलो की वाटते, करडीच्या मंडईत आलो.’’ मला पटलंही आणि नाहीही. आमच्याकडे मंडईच्या गर्दीतच माणसं भेटतात. इथं 24 ला दुपारी दोनला बाजार मिटतो, आणि मग खरी भेट सुरू होते, बंद दारांच्या आत. चार-सव्वाचारला अंधार पडतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि प्रत्येक खिडकीत दिवा असतो. हॉस्टेलवर असतो तर ती संध्याकाळ मी बाहेरून पाहिली असती.

त्या संध्याकाळी वहिनीने विचारलंच. ती नाशिकची, तिने हे भांडण फक्त ऐकलेलं. ‘‘नेमकी जागा आहे तरी किती?’’

‘‘दोन हात,’’ मी म्हणालो.

‘‘तीन,’’ दादा म्हणाला.

मग आम्ही दोघं इंजिनियर लॅपटॉप उघडून बसलो. उपग्रह नकाशावर करडी काढली. गावाबाहेरचा तलाव, आमच्या बांध्या, तो धुरा. मोजपट्टीचं साधन लावलं. धुरा दिसत होता तो दोन-तीन पिक्सेलचा, आणि मधला अर्धा मोहाच्या झाडाच्या सावलीत गेलेला. अशा चित्रात मुळातच काही मीटरची चूक असू शकते, म्हणजे आमचं सगळं भांडण त्या चुकीत मावत होतं. वहिनी हसायला लागली. आम्हाला हसू यायला वेळ लागला. दादा बराच वेळ त्या झाडावर कर्सर ठेवून बसला होता. त्या मोहावरून तो लहानपणी पडला होता आणि त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळत नेलं होतं माझ्या बाबांनी. हे मला माहीत नव्हतं. घरी कुणी कधी सांगितलं नाही.

25 ला दुपारी दोनला त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेसहा वाजले होते. मी खुर्ची सरकवून चौकटीबाहेर झालो. पण टेबलावर जवसाचा डबा उघडा होता. मोठ्याईने तो लगेच ओळखला. तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मोठे बाबा म्हणाले, ‘‘कोन आहे गा तिथं?’’

मी समोर आलो. सहा वर्षांत त्यांच्याशी सरळ बोललो नव्हतो. रस्त्यात दिसले तर मान खाली घालून गेलो होतो.

‘‘जेवलास?’’

‘‘हो, मोठे बाबा.’’

‘‘थंडी आहे का तिथं?’’

‘‘आहे.’’

पुन्हा शांतता. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुझ्या बाबाचे धान गेले का केंद्रावर? बारदाना नव्हता म्हनत होते.’’

भिंतीपलीकडच्या भावाच्या धानाची चौकशी त्यांनी न्यूरेम्बर्गला केली. मी म्हणालो, विचारून सांगतो. खरोखर विचारलं. आईला मेसेज केला, तिचं उत्तर आलं, की अर्धे गेले, अर्ध्यांचं पुंजणं अजून चुरायचं आहे. ते मी दादाला सांगितलं, दादाने त्यांना सांगितलं. पुढे चार दिवस हेच चाललं. त्यांच्या हरभऱ्याला पाणी दिलं का, हे बाबांनी मात्र विचारलं नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं.

जानेवारीत घरी गेलो. बाबा पहाटे मोटरसायकल घेऊन वरठीला, भंडारा रोड स्टेशनवर आले होते. दोन दिवसांनी मी बॅग रिकामी करत असताना तो कागद त्यांच्या हाती लागला. जर्मन त्यांना वाचता येणं शक्य नव्हतं. पण आडनाव आमचं होतं, आणि त्याच्यापुढे नाव दादाचं.

‘‘हे का आहे?’’

मी सांगितलं. खाणं, राहणं, दवाखाना, परतीचा खर्च. ते उभ्यानेच ऐकत होते.

‘‘आन् त्यानं सही केली?’’

‘‘हो.’’

‘‘किती लागले?’’

‘‘29 युरो. अडीच हजारांच्या वर.’’

‘‘देऊन टाक त्याचे,’’ असं म्हणून त्यांनी कागद घडी केला. मी म्हटलं, तो घेणार नाही. यावर ते काही बोलले नाहीत. कागद त्यांनी मला परत दिला नाही. सातबारा आणि जुन्या पावत्या ज्या पत्र्याच्या डब्यात असतात त्यात टाकला, आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने दारातूनच विचारलं, ‘‘मोहावरून पडला होता तो. हात नीट आहे का आता?’’

मी म्हटलं, नीट आहे. बॅग उचलायला भांडत होता.